हेमंत-शिशिरातील रूक्ष हवा : रुग्णाच्या खोलीचाही विचार व्हावा

दिवाळी आटोपली की विदर्भातील वैद्यांच्या चिकित्सालयांत ठराविक तक्रारींची रांग लागते. रात्री दोन-तीनच्या सुमारास सुरू होणारा कोरडा खोकला, सकाळी नाकात धरणाऱ्या खपल्या, शिंकरताना दिसणारा रक्ताचा थेंब, फुटलेले ओठ, टाचांच्या भेगा आणि वृद्धांच्या पोटऱ्यांना सुटणारी खाज. निदान कठीण नसते. रूक्ष गुणाने वाढलेला वायू समोर दिसतो, स्निग्ध औषधे दिली जातात, रुग्णाला बरेही वाटते. मात्र आठ-दहा दिवसांत तीच तक्रार घेऊन तो परत येतो. अशा वेळी औषध बदलण्याकडे आपला कल असतो. आमचे म्हणणे असे की, औषध बदलण्यापूर्वी रुग्ण रात्रीचे आठ तास ज्या खोलीत काढतो तिची चौकशी करावी. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आहे, आणि या ऋतूत निदान पुष्कळदा रुग्णाच्या शयनगृहातच असते.

नागपूरची हवा आणि शास्त्रोक्त ऋतुविचार

हेमंत हा विसर्गकालातील, तर शिशिर हा आदानकालातील ऋतू. ऋतुचर्येच्या अध्यायात वाग्भटाचार्यांनी शिशिरात हेमंताचाच विधी सांगितला. त्याला कारण दिले ते असे की, या काळात थंडी अधिक असते व आदानकालामुळे रूक्षता उत्पन्न होते. हा भेद नागपुरात फार स्पष्टपणे अनुभवास येतो. मार्गशीर्ष-पौषात थंडी कडक असली तरी पावसाळ्याची ओल जमिनीत थोडीबहुत शिल्लक असते. संक्रांतीनंतर दुपार तापू लागते, रात्री मात्र गारच राहतात, आणि माघ-फाल्गुनात हवा दिवसेंदिवस कोरडी होत जाते. त्यामुळे थंडी ओसरू लागली तरी कोरडेपणाच्या तक्रारी वाढतच राहतात.

दोन्ही किनाऱ्यांपासून दूर, पठाराच्या मध्यभागी वसलेल्या या शहरात दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील अंतर मोठे असते. जानेवारीत किमान तापमान सरासरी १२-१३ अंशांच्या आसपास, तर कमाल २८-२९ अंशांपर्यंत असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर येथे ३.५ अंश सेल्सिअस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. वर्तमानपत्रात सकाळची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के वाचून ‘हवा तर दमट आहे’ असे वाटते. परंतु थंड हवेत बाष्प मावतेच थोडे. १२ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १०.७ ग्रॅम बाष्प राहू शकते. २८ अंशांना हीच क्षमता २७ ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे पहाटे ७५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत प्रत्यक्षात केवळ ८ ग्रॅम बाष्प असते आणि तीच हवा दुपारी २८ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते. बाष्प कोठे गेले नाही. हवेची तहान वाढली. ही तहान ती आपल्या नासाकलेतून, ओठांतून आणि त्वचेतून भागविते.

विजेचा हीटर हेच घरात करतो. ‘हीटर हवेतील पाणी जाळून टाकतो’ अशी लोकांची समजूत असते, ती बरोबर नाही. १८ अंशांची व ५० टक्के आर्द्रतेची खोली हीटरने २६ अंशांपर्यंत तापविली की आर्द्रता सुमारे ३२ टक्क्यांवर उतरते, इतकेच. परिणाम मात्र तोच : घसा सुकतो, नाक बंद होते, रुग्ण तोंडाने श्वास घेतो आणि खोकला जागा होतो.

कोणी विचारील, नागपूरचा उन्हाळा याहून कितीतरी कोरडा, मग तेव्हा या तक्रारी का नसतात? उन्हाळ्यात घरोघरी खसाच्या ताट्यांचे कूलर रात्रंदिवस चालतात व घरातली हवा ओली ठेवतात. घाम असतो, माणसे पाणी भरपूर पितात. हिवाळ्यात कूलर बंद, तहान मंद, थंडीमुळे त्वचेतील स्नेहाचा स्राव कमी आणि त्यावर कढत पाण्याची स्नाने. रूक्षतेची कारणे चहूबाजूंनी एकत्र येतात.

गर्भगृह, अंगार आणि आजचे घर

निखाऱ्यांच्या उष्णतेने तापविलेल्या गर्भगृहात वा भूमिगृहात राहणाऱ्यास थंडीच्या पारुष्यामुळे होणारे दोष होत नाहीत, असा वाग्भटाचार्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. चरकाचार्यांनीही हेमंतात उष्ण भूमिगृह व गर्भगृह यांचा आश्रय सांगितला आहे. आपल्यापैकी अनेक जण याच आधारावर रुग्णांना ‘खोली उबदार ठेवा, शेगडी ठेवा’ असा सल्ला देतात. शास्त्रवचन योग्यच आहे. प्रश्न आहे तो ते आजच्या घरात कसे लावावे याचा.

गर्भगृह म्हणजे घराच्या पोटातील, चहूबाजूंनी जाड भिंतींनी वेढलेली खोली. महालातील वा इतवारीतील जुन्या वाड्यांच्या आतल्या खोल्या आठवाव्यात. मातीच्या जाड भिंती दिवसाची ऊब धरून ठेवत व ओलावा घेत-सोडत. शेणाने सारवलेल्या जमिनीत ओल असे. वर कवेलूंचे छप्पर असे व त्याच्या फटींतून धूर आणि दूषित वायू बाहेर जात. शिवाय ऋतुचर्येत हे उष्ण गृह एकटे सांगितलेले नाही. त्याच्याबरोबर अभ्यंग, मूर्धतैल आणि स्निग्ध आहार सांगितला आहे. ऊब आणि स्नेह ही जोडी आहे. तीतील ऊब तेवढी उचलली आणि स्नेह सोडला, तर थंडी जाते व रूक्षता उरते.

आजची खोली दहा बाय बारा फुटांची, सिमेंटच्या भिंतींची, सरकत्या काचेच्या घट्ट खिडक्यांची असते. तीत निखाऱ्यांची शेगडी ठेवणे म्हणजे प्राणांशी खेळ आहे. अर्धवट ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू वर्णहीन व गंधहीन असून रक्तातील रंजकद्रव्याशी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. झोपलेल्या माणसास तो जागे होण्याचीही संधी देत नाही. राखेखाली धुमसणारा, धूर नसलेला निखारा सुरक्षित असतो ही समजूत तर सर्वांत घातक आहे. लहान न्हाणीघरातील गॅस गीझरलाही हाच न्याय लागू आहे.

म्हणून व्यवसायबंधूंना एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. हिवाळ्यात सकाळी शिरःशूल, हृल्लास, भ्रम अशी लक्षणे घेऊन रुग्ण आला, तर अर्धावभेदक किंवा अजीर्ण असे ठरविण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : घरातील आणखी कोणाला असाच त्रास झाला काय? आणि रात्री खोलीत शेगडी होती काय? उत्तर होकारार्थी असल्यास सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणून प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. येथे घरगुती उपचारांत घालविलेला वेळ महागात पडतो.

मग खोली उबदार ठेवावी कशी? नागपूरच्या हिवाळ्याने याचे उत्तर स्वतःच दिले आहे. आपल्याकडे दुपार २८ अंशांची असते. अकरा ते चार या वेळात दक्षिणेकडील व पश्चिमेकडील खिडक्या उघडून ऊन आत घ्यावे, गोधड्या-रजया उन्हात टाकाव्यात, सूर्यास्तापूर्वी खिडक्या लावून जाड पडदे सोडावेत. भिंतींनी व अंथरुणाने साठविलेली ही ऊब बऱ्याच रात्री पुरेशी ठरते. त्यामुळे खोलीतील हवाही रोज बदलते. हीटर लावायचाच, तर झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास लावून बंद करावा; रात्रभर रुग्णाच्या तोंडासमोर ठेवू नये.

ओलाव्याचा हिशेब

कोरडी खोली म्हटली की ‘कोपऱ्यात पाण्याचे घमेले ठेवा’ हा उपाय सर्वांना पाठ असतो. तो कितपत उपयोगी आहे हे पाहू.

दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. २४ अंश तापमानाला तिची आर्द्रता ३० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर न्यायची तर जेमतेम ११० ग्रॅम बाष्प लागते. परंतु दारे-खिडक्यांच्या फटींतून हवा बदलत राहते. दर दोन तासांनी खोलीतील हवा एकदा बदलते असे धरले, तर तासाला ५५ ग्रॅम, म्हणजे रात्रभरात सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत जावे लागेल. फूटभर व्यासाच्या घमेल्यातून स्थिर हवेत तासाला एखाद-दीड चमचाच पाणी उडते. म्हणजे घमेले जवळजवळ निरुपयोगी. याउलट पाण्यात भिजवून पिळलेला मोठा पंचा दोरीवर पसरला, तर पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि तेच पाणी काही तासांत हवेत मिसळते. खर्च शून्य आणि यंत्राची गरज नाही.

या हिशेबात आणखी एक बाब धरावी लागते. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून व त्वचेतून तासाला तीसेक ग्रॅम बाष्प बाहेर पडते. एकट्या वृद्धाच्या, हीटर लावलेल्या खोलीत ओला पंचा उपयुक्त ठरेल. एकाच खोलीत चार-पाच माणसे निजत असतील तर तेथे ओलावा वाढविण्याची नव्हे, हवा खेळती ठेवण्याची गरज आहे. तद्वतच ज्या घराच्या भिंतींना ओल आहे, कपाटामागे बुरशी दिसते, तेथे पाणी वाढविणे अहितकारकच. दमट हवेत बुरशी आणि गादीतील सूक्ष्म कीटक वाढतात व तमक श्वासाच्या रुग्णाचा त्रास बळावतो. आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी, ६० टक्क्यांवर जाऊ नये. आर्द्रतामापक यंत्र हल्ली काही शे रुपयांत मिळते. सकाळी काचेवर आतून पाणी साचलेले दिसले तर यंत्राविनाही समजावे की ओलावा अधिक झाला आहे.

बाजारात मिळणाऱ्या आर्द्रतावर्धक यंत्रांविषयीही रुग्ण विचारतात. ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रे पाण्याचे सूक्ष्म तुषार उडवितात. पाण्यात जे असेल तेही त्यासोबत हवेत जाते. बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने फर्निचरवर आणि फुप्फुसांतही बसतात. म्हणून शुद्ध केलेले, क्षारविरहित पाणी वापरावे, ते रोज बदलावे आणि टाकी रोज धुऊन कोरडी करावी. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात. या पाण्यात कापूर, निलगिरी तेल, जंतुनाशक यांपैकी काहीही घालू नये. दक्षिण कोरियात १९९४ पासून अशा यंत्रांच्या पाण्यात घालण्याची जंतुनाशके घरगुती वापरासाठी विकली जात होती. त्यांमुळे फुप्फुसांना गंभीर इजा होत असल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले, तोवर गर्भवती स्त्रिया व बालकांसह शेकडो जणांचे प्राण गेले होते. त्वचेवर निरुपद्रवी असलेले द्रव्य श्वासमार्गात निरुपद्रवी असतेच असे नाही, हा त्यातील धडा वैद्य व औषधी विक्रेते या दोघांनीही घ्यावा असा आहे.

चिकित्सेतील काही बाबी

खोलीची व्यवस्था लावल्यानंतरच स्नेहाचा खरा गुण येतो. आमच्या अनुभवात पुढील बाबी उपयुक्त ठरल्या आहेत.

नस्य : नासाशोषात व नाकात खपल्या धरणाऱ्या रुग्णांत प्रतिमर्श नस्य हा उत्तम उपाय होय. प्रत्येक नाकपुडीत दोन बिंदू गोघृत किंवा अणुतैल पुरते. सुश्रुताचार्यांनी प्रतिमर्शाचे चौदा, तर वाग्भटाचार्यांनी पंधरा काळ सांगितले आहेत. व्यवहारात सकाळी दंतधावनानंतर आणि घराबाहेर पडताना असे दोन काळ रुग्णाच्या अंगवळणी सहज पडतात. दुष्ट प्रतिश्यायात ते देऊ नये. प्रतिमर्श जन्मापासून मरणापर्यंत प्रशस्त म्हटला असला, तरी तान्ह्या मुलाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्याची प्रथा आपण स्पष्टपणे थांबविली पाहिजे. तेल श्वासमार्गात उतरून फुप्फुसांचा शोथ होऊ शकतो, हे आज निःसंशय ज्ञात आहे. बालकांत करंगळीच्या टोकाने नाकपुडीच्या कडेला तुपाचा हलका हात लावणे पुरेसे आहे. गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांतही हीच दक्षता घ्यावी.

कास : रात्रीचा कोरडा खोकला हा वातज कास असताना त्रिकटुप्रधान, तीक्ष्ण औषधे देणे म्हणजे रूक्षतेत भर घालणे होय. येथे सितोपलादि चूर्ण विषम प्रमाणातील तूप-मधासह, कण्टकारी घृत, ज्येष्ठमध यांचा विचार व्हावा. सितोपलादीत खडीसाखर मुबलक असते, हे मधुमेही रुग्णांत विसरू नये. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकणारा खोकला, सायंकाळचा ज्वर किंवा वजनातील घट असेल, तर ऋतूवर भार न टाकता थुंकीची तपासणी व छातीचे क्ष-किरण चित्र करून घ्यावे.

नासागत रक्तस्राव : कोरड्या हवेने नासाकला फुटून येणारे रक्त बहुधा किरकोळ असते. तथापि चाळिशीपुढील रुग्णांत रक्तदाब मोजल्याशिवाय आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय हे विचारल्याशिवाय रुग्णास सोडू नये.

त्वचा : तिळतेलाचा अभ्यंग स्नानापूर्वी करावा, स्नान कोमट पाण्याने व थोडक्यात आटोपावे, साबण काखा व जांघांपुरता ठेवावा. डोक्यावर कढत पाणी घेणे केश व नेत्र यांना अहितकर, हे शास्त्रवचन हिवाळ्यात रुग्णांना हमखास सांगावे लागते. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच तेलाचा हलका हात फिरविल्यास त्वचेतील ओल टिकते. आपल्याकडे संत्र्याच्या सालीच्या भुकटीचे उटणे लावतात. ते रूक्ष असल्याने या दिवसांत दुधाच्या सायीत कालवूनच लावावे. वृद्धांच्या बाबतीत तेलकट फरशीवरून पाय घसरण्याची भीती असते. त्यांचा अभ्यंग न्हाणीघरात न करता खोलीत, खुर्चीवर बसवून करावा.

आहार : तीळ-गूळ, लोणकढे तूप, जवसाची चटणी हा आपला हिवाळी आहार ऋतूला धरूनच आहे. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पिणाऱ्या वृद्धांस दिवसातून चार-पाच वेळा कोमट पाणी, कढण, सार आठवणीने द्यावे.

औषधी विक्रेत्यांसाठी

पुष्कळ रुग्ण वैद्याकडे जाण्यापूर्वी औषधी दुकानाची पायरी चढतात. ‘खोकल्याचे एक औषध द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास तीन प्रश्न विचारावेत : खोकला कोरडा की ओला? किती दिवसांपासून? खोलीत हीटर वा शेगडी आहे काय? पहिल्या प्रश्नाने तीक्ष्ण औषध टळेल, दुसऱ्याने रुग्ण वेळेवर वैद्याकडे जाईल आणि तिसऱ्याने कदाचित एखाद्या घरातील अनर्थ टळेल.

दोन वर्षांखालील मुलांसाठी कापूरयुक्त मलम किंवा कापराची पुरचुंडी मागणाऱ्यास ती देऊ नये. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना आक्षेपक येऊ शकतात. वाफारा घेण्याचे यंत्र विकताना, ते मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये, हे तोंडाने सांगावे. हिवाळ्यात उकळत्या पाण्याने भाजलेली मुले दरवर्षी रुग्णालयात येतात. कोरड्या खोकल्यासाठी तासन्‌तास वाफ घेणेही निरर्थक आहे. वाफेचा ओलावा तेवढ्यापुरता, खोलीचा कोरडेपणा मात्र रात्रभराचा.

ऋतुचर्या हा आपल्या शास्त्राचा अभिमानाचा विषय आहे. ती सांगताना आपण आहार व औषधी विस्ताराने सांगतो, परंतु निवासाविषयीच्या भागाकडे बहुधा दुर्लक्ष होते. त्या वचनांमागील हेतू रुग्णाला ऊब मिळावी व रूक्षता टळावी, हा होता. आजच्या बंद खोलीत हा हेतू निखाऱ्यांनी साधत नाही; दुपारचे ऊन, खेळती हवा, गरज असेल तेथे ओला पंचा आणि नियमित स्नेह यांनी साधतो. केसपेपरवर ‘निद्रा’ आणि ‘मल-मूत्र’ यांच्या रकान्यांशेजारी या हिवाळ्यापासून ‘शयनगृह’ असा एक लहान रकाना प्रत्येक वैद्याने घालावा, अशी आमची विनंती आहे. खोलीत किती माणसे निजतात, खिडकी उघडते की नाही, ऊब कशाने आणतात, भिंतीला ओल आहे काय, एवढे चार प्रश्न विचारण्यास एक मिनिटही लागत नाही.